प्रवेशाचा हंगाम आणि समुपदेशक: कोकणातल्या शाळांसाठी स्वतःला सांभाळण्याची वाट

२०२५ साली बारावीचा निकाल ५ मेला लागला आणि दहावीचा १३ मेला. कोकण विभाग दोन्हीकडे राज्यात पहिला आला. पेपरात पेढ्यांचे फोटो छापून आले आणि त्याच संध्याकाळपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शाळांमध्ये समुपदेशनाचं काम पाहणाऱ्यांचे फोन वाजायला लागले. कोणत्याही वर्षी चित्र असंच असतं. मे महिन्यात सुरू झालेली ही धावपळ इंजिनिअरिंग, मेडिकल आणि कृषीच्या फेऱ्या पार पडेपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत आणि कधी त्याच्याही पुढे चालते.

आपल्याकडे समुपदेशक हे बहुतेक शाळांत स्वतंत्र पद नसतं. मराठी किंवा जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाई, एखादे सर, ज्यांच्याशी मुलं मोकळेपणाने बोलतात, त्यांच्याकडे हे काम येतं. तास कमी होत नाहीत, परीक्षेचं काम सुटत नाही, त्यातच हे वाढतं. २०२५-२६ पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले. त्याआधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा शहरांपुरते होते. देवगडच्या मुलीने जवळच्या ज्युनियर कॉलेजात जाऊन फॉर्म दिला की काम व्हायचं. आता तिलाही नोंदणी, पसंतीक्रम, फेऱ्या हे सगळं करावं लागतं आणि ते समजावून सांगायला गावात हक्काचं माणूस म्हणजे शाळेतल्या बाई.

हा लेख त्या बाईंसाठी आणि सरांसाठी आहे. स्वतःची काळजी म्हटलं की योगासनं, सुट्टी, आवडीची गाणी असं काहीतरी सांगितलं जातं. त्याला माझी हरकत नाही, पण या हंगामात माणूस मोडतो तो मुख्यतः दुसऱ्यांची कामं आणि दुसऱ्यांचे निर्णय स्वतःच्या अंगावर घेतल्यामुळे. म्हणून इथल्या बहुतेक पायऱ्या कामाची वाटणी कशी करायची याच्याबद्दल आहेत. आराम त्यातूनच मिळतो.

आधी आपण कुठे आहोत ते बघा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामातून येणाऱ्या अतिथकव्याची तीन लक्षणं सांगितली: अंगातली शक्ती संपून गेल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटत राहणं. आपल्या कामात ही तिन्ही फार ओळखीच्या रूपात येतात. रविवारी दिवसभर झोपूनही सोमवारी डोकं जड असतं. दारात पालक दिसले की ते काही बोलायच्या आधीच चीड येते. एखाद्या मुलाचं कॉलेज हुकलं की चाळीस जणांची झालेली कामं आठवत नाहीत, ते एकच आठवत राहतं.

याहून वेगळा एक थकवा असतो, तो दुसऱ्यांची दुःखं ऐकून येतो. मुलगी रडून गेली, तुम्ही तिला नीट धीर दिला, पण रात्री भाकरी थापताना तिचंच बोलणं कानात घुमतं. पहिला थकवा काम कमी केल्याने उतरतो. दुसरा कोणाशी तरी बोलल्याशिवाय उतरत नाही. दोन्हींवर एकच उपाय करत राहिलं की गुण येत नाही, म्हणून आपल्याला नेमकं काय होतंय हे आठवड्यातून एकदा तरी स्वतःला विचारावं. शुक्रवारी शाळा सुटताना वहीत दोन ओळी लिहिल्या तरी पुरे: या आठवड्यात झोप कशी होती, आणि कोणाचं बोलणं अजून डोक्यात आहे.

पायरी पहिली: मेचं काम ऑगस्टमध्ये सुरू करा

आंब्याची पेटी मे महिन्यात भरली जाते, पण बागेला खत पावसाळ्यात घालावं लागतं. प्रवेशाचंही तसंच आहे. जून-जुलैत जो ताण येतो, त्यातला फार मोठा भाग दाखल्यांचा असतो आणि दाखल्यांचं काम आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात करता येतं.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते जात पडताळणीचं प्रमाणपत्र. व्यावसायिक अभ्यासक्रमाला आरक्षणातून प्रवेश घ्यायचा तर व्हॅलिडिटी लागते. त्यासाठी जुना पुरावा शोधावा लागतो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांच्या आधीचा. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्माची नोंद, जुनं खरेदीखत. कोकणात हे जास्त अवघड जातं, कारण आजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेलेले असतात, वाडीतली शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झालेली असते आणि कागद कोणत्या चुलत्याच्या ट्रंकेत आहे हे कोणालाच माहीत नसतं. हा शोध जुलैच्या पावसात, फॉर्मची तारीख डोक्यावर असताना सुरू झाला की सगळं घर तुमच्याकडे धाव घेतं.

म्हणून अकरावीचे वर्ग सुरू होऊन स्थिरावले की पालकांची एक बैठक घ्या. गणपतीसाठी चाकरमानी गावी येतात, सगळे भाऊ एका घरात जमतात, तेव्हा जुने कागद शोधायला याच्यासारखी वेळ नाही. बैठकीत पालकांना तसं स्पष्ट सांगा: "या गणपतीत ट्रंक उघडा, आजोबांचा दाखला शोधा." एवढं एक वाक्य पुढच्या वर्षीच्या कितीतरी संध्याकाळी वाचवतं.

नॉन-क्रिमी लेयरचं प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत चालेल ते त्याच्यावरच लिहिलेलं असतं, ते पालकांना वाचायला लावा. ती तारीख उलटली की जुना कागद उपयोगाचा राहत नाही, हे बऱ्याच जणांना फॉर्म भरतानाच कळतं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र यांसाठी सेतूमध्ये एप्रिलनंतर लगेच अर्ज करायला सांगा. मुलीच्या आधार कार्डावरचं आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळतं का हेही याच वेळी बघून घ्यावं. आई-वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी पुढे हेलपाटे पडतात.

दुसरी तयारी माहितीची. एक दोन पानी पत्रक दरवर्षी एप्रिलमध्ये तयार करा आणि शाळेच्या नावाने वाटा. त्यात कोणत्या शाखेसाठी कोणती प्रवेश परीक्षा, कोणती प्रक्रिया कोण चालवतं (राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी सीईटी कक्ष, आयआयटी-एनआयटीसाठी जोसा, मेडिकलच्या देशपातळीवरच्या १५ टक्के जागांसाठी एमसीसी), जवळची कॉलेजं कोणती, शुल्क सवलत कोणाला एवढं असावं. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हे माहीत नसल्यामुळे मुलीचं इंजिनिअरिंग घरच्या घरी रद्द करणारे पालक आजही भेटतात. जवळच्या शिक्षणाचीही यादी द्या: दापोलीचं कृषी विद्यापीठ, रत्नागिरीतलं शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ, रत्नागिरी आणि मालवणचं शासकीय तंत्रनिकेतन, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. निम्म्या प्रश्नांची उत्तरं पत्रकात असली की तुमच्या समोर बसलेल्या मुलाला तुमचा खरा वेळ मिळतो.

नियम मात्र दरवर्षी बदलतात. पत्रकावर वर्ष ठळक लिहा आणि शेवटी "अधिकृत माहितीपुस्तिका वाचूनच फॉर्म भरावा" ही ओळ ठेवा. ती ओळ तुमच्याही संरक्षणासाठी आहे.

पायरी दुसरी: ओटीपी तुमच्या फोनवर येता कामा नये

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मुलाच्या नोंदणीत मोबाइल नंबर आणि ई-मेल मुलाच्या घरचाच हवा. पालकांकडे साधा फोन आहे, मुलीकडे ई-मेल नाही, शेवटचा दिवस आहे, अशा वेळी "माझाच नंबर टाकते" असं पटकन तोंडातून निघतं. त्यामागे चांगुलपणाच असतो. पण त्या क्षणापासून त्या मुलीचा प्रवेश तुमच्या फोनमध्ये राहायला येतो. प्रत्येक फेरीचा निरोप तुम्हाला, पासवर्ड विसरला तर फोन तुम्हाला, जागा स्वीकारायची मुदत चुकली तर जबाबदारी तुमची. अशा दहा मुली झाल्या की हंगाम संपेपर्यंत तुम्ही फोन बंद करून झोपूच शकत नाही.

ई-मेल काढायला मुलांना शाळेतच शिकवा, जानेवारीत, परीक्षेच्या आधी. संगणकाच्या एका तासात संपूर्ण वर्गाचं होतं. लॉगिन आणि पासवर्ड मुलाने स्वतःच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहायचा आणि त्या पानाचा फोटो आईच्या फोनमध्ये ठेवायचा. तुमच्या वहीत तो असू नये.

पसंतीक्रमाचंही तेच. अकरावीच्या राज्यव्यापी प्रक्रियेत २०२५-२६ मध्ये दहा कॉलेजांपर्यंत पसंती देता येत होती आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घेणं बंधनकारक होतं. इंजिनिअरिंगच्या फेऱ्यांतही पहिल्या पसंतीला असंच वजन असतं. इतक्या महत्त्वाच्या यादीवर शेवटचा हात मुलाचा आणि पालकांचाच असला पाहिजे. तुम्ही नियम समजावा, गेल्या वर्षीचे कटऑफ दाखवा, यादीत काही धोक्याचं दिसलं तर बोट ठेवून सांगा. कन्फर्मचं बटण त्यांना दाबू द्या, तुमच्यासमोर असलं तरी.

हे सगळं तोंडी सांगून भागत नाही. हंगामाच्या सुरुवातीला शाळेच्या शिक्क्यानिशी एक चिठ्ठी घरी पाठवा. मजकूर साधा असू दे:

"आपल्या पाल्याचा प्रवेश अर्ज आपण व पाल्याने मिळून भरावयाचा आहे. शाळा माहिती देईल, अर्ज तपासून देईल. नोंदणीसाठी आपलाच मोबाइल क्रमांक वापरावा. अंतिम पसंतीक्रम व मुदतीत प्रवेश निश्चित करणे ही आपली जबाबदारी आहे. भेटीची वेळ: सोमवार ते शुक्रवार, दुपारी २ ते ५."

खाली पालकांची सही घेऊन पावती फाईलला लावा. काही पालकांना हे कोरडं वाटेल. त्यांना समोर बसवून शांतपणे सांगा की शाळेतली सगळी मुलं एका माणसाच्या फोनवर अवलंबून राहिली तर सगळ्यांचंच नुकसान होऊ शकतं. बहुतेकांना पटतं.

ज्या घरात खरंच कोणी लिहिता-वाचता येणारं नाही, तिथे काय? तिथे वाडीतलं कोणीतरी हवं: गेल्या वर्षी बारावी झालेली मुलगी, ग्रामपंचायतीतला संगणक चालक, अंगणवाडी सेविका. प्रत्येक वाडीत असं एक माणूस शोधून त्याला एप्रिलमध्ये दोन तास बसवून शिकवलं तर ते काम तुमच्याशिवायही चालतं. माजी विद्यार्थ्यांना हे करायला आवडतं, असा माझा अनुभव आहे. आपणही या गोंधळातून गेलोय हे त्यांना ताजं आठवत असतं.

पायरी तिसरी: फोनला वेळ लावून द्या

दुसरं सिम घ्या, शक्य असेल तर शाळेने द्यावं. घरचा नंबर पालकांना न देणं गावात अवघड आहे हे मला माहीत आहे. बाजारात, देवळात, एसटीत तेच पालक भेटतात. तरीही प्रवेशाचं बोलणं कामाच्या नंबरवरच होईल असं ठरवून टाका आणि घरच्या नंबरवर आलेल्या प्रश्नाला "उद्या शाळेच्या नंबरवर बोलूया" एवढंच उत्तर द्या. चार-पाच वेळा तसं झालं की लोक जुळवून घेतात.

व्हॉट्सअॅपचा गट करायचा तर असा करा की त्यात फक्त शाळाच लिहू शकेल. रोज संध्याकाळी सहाला एकच निरोप: आज काय घडलं, उद्या काय करायचं, कोणत्या अफवेवर विश्वास ठेवू नये. मुदत वाढली, फेरी रद्द झाली, साइट बंद पडली अशा बातम्या या दिवसांत सगळीकडून फिरत असतात. त्यांतल्या प्रत्येकीला वेगळं उत्तर देत बसलं की दिवस संपतो. सहाच्या निरोपाची सवय लागली की पालक त्याची वाट बघतात आणि दुपारचे फोन कमी होतात.

रात्री नऊनंतर कामाचा फोन बंद. मुलाच्या जिवाचा प्रश्न असेल तर काय, ही भीती प्रत्येक समुपदेशकाला असते आणि तीच फोन उशाशी ठेवायला लावते. त्यासाठी गटाच्या वर्णनातच लिहून ठेवा: मन फार अस्वस्थ असेल तर टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन, १४४१६, रात्रंदिवस, मोफत, मराठीतही. तातडीचा धोका असेल तर ११२. रात्री दोन वाजता थकलेल्या तुमच्यापेक्षा तिथे बसलेलं प्रशिक्षित माणूस त्या मुलाच्या जास्त उपयोगी पडेल.

पायरी चौथी: भेटीला आकार द्या

"झिलाक खंय घालूया, बाई?" (मुलाला कुठे घालूया?) हा प्रश्न घेऊन येणारे वडील निर्णय तुमच्यावर सोपवून मोकळे व्हायला बघतात. त्यात तुमच्याबद्दलचा विश्वास असतो, म्हणूनच तो नाकारणं जड जातं. पण तुम्ही "लातूरला पाठवा" किंवा "इथेच ठेवा" म्हणालात की पुढची दोन वर्षं त्या घराचं यशापयश तुमच्या नावावर मांडलं जातं.

भेट अर्ध्या तासाची ठेवा आणि सुरुवातीलाच सांगा. पहिली दहा मिनिटं मुलाने बोलायचं, पालकांनी ऐकायचं. वडील मध्ये बोलायला लागले तर हात किंचित वर करून "काका, त्याचं होऊ दे, मग तुमचंच ऐकणार आहे" असं म्हणायला काहीच हरकत नाही. मग तीन प्रश्न: घरचा खर्च किती झेपेल, मूल बाहेर राहू शकेल का, आणि हे नाही मिळालं तर दुसरं काय चालेल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरात आधीच झालेलं असलं तर निकालाच्या दिवशी तुमच्या खोलीत होणारी रडारड निम्म्याने कमी होते.

कोकणात या भेटीत न आलेलं एक माणूस नेहमी असतं: मुंबईचा काका. मुलगी डोंबिवलीला त्याच्याकडे राहणार असते, किंवा फीचा अर्धा भार तो उचलणार असतो, आणि शेवटचा शब्द त्याचाच असतो. मे महिन्यात तो गावी आलेला असताना त्यालाच बोलावून घ्या. नाहीतर तुम्ही तासभर समजावलेलं त्याच्या एका फोनने पुसलं जातं आणि पालक पुन्हा पहिल्यापासून विचारायला येतात.

भेटी कधी ठेवायच्या यालाही इथलं गणित आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मच्छीमार घरांतले वडील गावात सापडतात. त्याच काळात घरात रोकड नसते, म्हणून फीचं बोलणं तेव्हा जपून करा. बागायतदार मेअखेरपर्यंत बागेतून हलत नाहीत. त्यांना जूनमध्येच बोलवा. वेळ न बघता सगळ्यांना एकाच आठवड्यात बोलावलं की निम्मे येत नाहीत आणि नंतर एकेकटे, वेळ न ठरवता, दारात उभे राहतात.

दोन भेटींच्या मध्ये दहा मिनिटं मोकळी ठेवा. खोलीबाहेर या, पाणी प्या, तीन ओळी टिपून ठेवा. श्वास सोडताना घेतानाहून जास्त वेळ लावा, असं पाच-सहा वेळा करा. छातीतली धडधड खाली येते, एवढाच त्याचा उपयोग आहे आणि तो पुरेसा आहे. दिवसाला सहापेक्षा जास्त भेटी घेऊ नयेत असं मला वाटतं. सातव्या मुलाला तुमचं उरलेलंसुरलेलं लक्ष मिळतं.

पायरी पाचवी: जड बोलणं आलं तर

निकालानंतर आणि नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांनंतर कोणीतरी एखादं वाक्य बोलून जातं: "माझ्यामुळे घरच्यांची मान खाली गेली", "मी नसतो तर बरं झालं असतं." हे ऐकून न ऐकल्यासारखं करू नका. सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं याचा मुलांना आधारच वाटतो. उत्तर हो आलं तर मुलाला एकटं सोडू नका. पालकांना तिथेच बोलावून घ्या, मुख्याध्यापकांना कळवा, १४४१६ला त्याच्यासोबत बसून फोन लावा आणि जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्यायची व्यवस्था करा. रत्नागिरीत शासनाचं प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्याच्या नावाला लोक बिचकतात, पण उपचार तिथे मिळतात. "कोणाला सांगू नका" असं मुलाने विनवलं तरी जिवाच्या बाबतीत गुपित पाळायचं नसतं, आणि हे मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं असावं.

या सगळ्याबद्दल सूचना पुष्कळ ठिकाणी मिळतात. त्यानंतर त्या बाईंचं काय होतं हे मात्र कोणी सांगत नाही. पालक मुलाला घेऊन जातात, बाई आपल्या जागेवर येऊन बसतात आणि पुढचे पालक नॉन-क्रिमीचा कागद घेऊन आत येतात. असं होऊ देऊ नका. त्या दिवशीच्या उरलेल्या भेटी दुसऱ्या दिवशी ढकला. पालकांना कारण सांगायची गरज नाही, "आज तातडीचं काम आलं" एवढं पुरे.

मग लिहून काढा: किती वाजता, काय बोलणं झालं, कोणाला कळवलं, पुढे कोण बघणार आहे. हा कागद बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे द्या. लिहिल्याने दोन गोष्टी साधतात. नोंद राहते, आणि "मी काही विसरले का" हा रात्रभर छळणारा प्रश्न कागदावर उतरतो.

तिसरं, त्याच दिवशी कोणाशी तरी बोला. मुलाचं नाव, गाव, वर्ग न सांगता स्वतःला काय झालं ते सांगा: हात कापत होते, घशात दाटून आलं, माझ्याच मुलाचा चेहरा डोळ्यांसमोर आला. हे ऐकणारं माणूस आधीपासून ठरलेलं असावं. शेजारच्या तालुक्यातल्या शाळेत हेच काम करणाऱ्या बाई सर्वांत उत्तम, कारण त्यांना मुलं ओळखीची नसतात आणि काम ओळखीचं असतं. कुडाळ, कणकवली, मालवण अशा दोन-तीन तालुक्यांतल्या चार-पाच जणांनी मिळून हंगामात दर शनिवारी तासभर भेटायचं, नाहीतर फोनवर एकत्र बोलायचं असं ठरवलं तर ती बैठक प्रत्येकाला पुढच्या आठवड्यासाठी उभं करते. त्यात सल्ले द्यायचे नाहीत, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं.

दोन आठवडे उलटूनही झोप लागत नसेल, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत असेल, किंवा शाळेत जायच्या विचाराने पोटात गोळा येत असेल तर तुम्ही स्वतः मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेली मानसचा नंबर शिक्षकांसाठीही आहे.

शरीराचं थोडक्यात

दिवसभर बोलून आवाज बसतो. खोकून घसा साफ करू नका, घोटभर कोमट पाणी प्या. पत्र्यावरच्या पावसाच्या आवाजाला ओलांडून बोलायची पाळी येते तिथे खुर्ची जवळ ओढा. स्क्रीनवर काम असेल तर दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबच्या झाडाकडे बघा. दुपारचं जेवण भेटीच्या वेळापत्रकात लिहा, नाहीतर चहा आणि खारी बिस्किटांवर दिवस जातो. सकाळी पेज पिऊन निघालं की अकरा-बारापर्यंत पोटाला आधार राहतो. दुपारी चारनंतर चहा कमी केला की झोपेत फरक पडतो. आणि जूनच्या पावसात भिजून आल्यावर ओल्या साडीत किंवा शर्टात पंख्याखाली बसून फॉर्म तपासू नका. एक कोरडा जोड शाळेत ठेवा.

लाइट आणि रेंज

इथल्या हंगामात पावसाला विसरून चालत नाही. पहिल्या वादळी पावसात झाड तारेवर पडतं, दोन दिवस लाइट नसते, टॉवर बंद होतो. म्हणून शाळेची मुदत अधिकृत मुदतीच्या दोन दिवस आधीची जाहीर करा आणि तीच पाळा. सगळी कागदपत्रं मेमध्येच स्कॅन करून मुलाच्या फोनमध्ये आणि पेनड्राइव्हवर ठेवायला सांगा. साइट अडकली तर पडद्याचा फोटो तारीख-वेळेसह काढून ठेवायचा आणि मदत केंद्राला कळवायचं, एवढं मुलांना शिकवलं की त्यांचीही घालमेल कमी होते. शाळेच्या दोन दिवस आधीच्या तारखेनंतर आलेल्या मुलाला मदत करायची की नाही? करायची, पण तुमच्या वेळेत, रात्री अकराला त्याच्या घरी जाऊन नव्हे.

मुख्याध्यापकांकडे काय मागायचं

आपल्याकडे मागण्याचा संकोच फार. पण एप्रिलमध्ये लेखी मागितलेल्या गोष्टी मिळतात, जुलैत रडकुंडीला येऊन मागितलेल्या मिळत नाहीत. दार लावता येईल अशी खोली, जून-जुलैत आठवड्याचे काही तास कमी, दाखल्यांच्या कामाला कार्यालयातल्या लिपिकाची मदत, आणि मे महिन्याच्या सुट्टीत केलेल्या कामाच्या बदल्यात नंतर रजा. अर्जात मागच्या हंगामात किती मुलांना भेटलात ते लिहा. अमेरिकेतली शालेय समुपदेशकांची संघटना २५० मुलांमागे एक समुपदेशक असावा असं सांगते. आपल्या शाळेत तुमच्या वाट्याला किती मुलं येतात तो आकडा त्याच्याखाली लिहिला की वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही.

घरातही हंगामच असतो

मे म्हणजे घर भरलेलं. नणंदा, दीर, त्यांची मुलं, आंबे, फणस, लग्नं. शाळेतून आलेल्या बाईंनी लगेच स्वयंपाकाला लागायचं हे कोणी बोलत नाही, पण धरलेलं असतं. निकालाच्या आठवड्यात तरी घरात आधी सांगून ठेवा की संध्याकाळचा स्वयंपाक दुसरं कोणीतरी बघेल. सरांनाही हेच लागू आहे: घरी येऊन पुन्हा लॅपटॉप उघडायचा असेल तर त्या दिवशी घराचा कोणता भार दुसऱ्यावर पडतोय हे बघून तो वाटून घ्यावा.

स्वतःचं मूल त्याच वर्षी दहावी-बारावीत असेल तर त्याचा फॉर्म दुसऱ्या सहकाऱ्याकडून तपासून घ्या. मुलाला आई-बाबा हवे असतात, समुपदेशक त्याला शाळेत दुसरं कोणीतरी मिळेल. अशा वर्षी भेटींची संख्याही कमी करून घ्यावी.

फेऱ्या संपल्यावर

शेवटच्या फेरीनंतरच्या आठवड्यात प्रवेशाचा एकही विषय घेऊ नका. त्यानंतर एक दिवस काढून तीन कामं उरका. पहिलं, तुमच्या फोनमध्ये साठलेले मुलांचे आधार, गुणपत्रिका, जातीचे दाखले, फोटो सगळे पुसून टाका. ते मुलांच्या मालकीचे आहेत आणि तुमचा फोन हरवला तर त्रास त्यांना होतो. दुसरं, कोणत्या प्रश्नांनी सर्वांत जास्त वेळ घेतला त्याची अर्ध्या पानाची टिपण लिहून पत्रकाच्या फाईलला जोडा. पुढच्या वर्षी हे काम दुसऱ्या कोणाकडे गेलं तरी तिला कोऱ्या पाटीने सुरुवात करावी लागणार नाही. तिसरं, अकरावीच्या पालकांच्या बैठकीची तारीख गणपतीच्या सुट्टीआधीची घ्या आणि फळ्यावर लिहा.